परार्धापलीकडची मूळ संख्या



मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत संख्येवरचा निबंध पाहून आपल्याला थोडे आश्चर्य वाटेल. परंतु ज्या संख्येची ओळख मी येथे करून देणार आहे, तिचा प्रश्न जितका गणिताचा तितकाच भाषेचा आहे. २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सापडलेली ही संख्या त्या वेळेपर्यंत माणसाला ठाऊक झालेल्या मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी ठरली. तिला नाव नाही. ती कोणाला मोठ्याने वाचून दाखवायची, तर वर्ष पुरणार नाही. तरीही तिच्याविषयी कितीतरी गोष्टी आपण निःशंकपणे सांगू शकतो. जिचा उच्चार करणे शक्य नाही, तिच्याविषयी खात्रीने कसे बोलता येते? भाषेच्या अभ्यासकाने हा प्रश्न गणितज्ञांकडे सोपवून मोकळे होऊ नये, असे मला वाटते.

प्रथम 'मूळ संख्या' ही संज्ञा पाहू. १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने जिला निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. १२ ची फोड २ × २ × ३ अशी होते. १३ ची कोणतीच फोड होत नाही. हिंदीत अशा संख्येला 'अभाज्य' म्हणतात. त्या नावात जे होत नाही त्यावर बोट ठेवलेले आहे. आपल्या मराठी नावात मात्र ती संख्या इतरांसाठी काय आहे, ते सांगितले आहे. एकाहून मोठी प्रत्येक संख्या एकतर स्वतः मूळ असते किंवा मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते, आणि ही फोड एकाच प्रकारे होते. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. क्रम बदला, पण घटक बदलणार नाहीत. व्याकरणात 'करणारा', 'करवणे', 'करणी' या रूपांच्या मागे आपण 'कर' हा धातू शोधतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की शब्दाची फोड नेहमी एकच असेल असे नाही. 'नवरस' या शब्दात नऊ रस आहेत की नवा रस आहे, हे संदर्भावाचून ठरत नाही. संख्येच्या फोडीत अशी संदिग्धता कधीच नसते.

आता आपल्या संख्यावाचक शब्दांकडे वळू. 'एकोणीस' हा शब्द संस्कृत 'एकोनविंशति' पासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा अर्थ एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी असलेले वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही सारी याच घडणीची नावे. 'नव्याण्णव' तेवढे या रांगेत बसत नाही. पुढच्या टप्प्यावर नजर ठेवून मागे मोजण्याची ही सवय आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे. माझे वडील कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. घरी हिशेब सांगताना ते 'पावणेसातशे' म्हणत, तेव्हा सातशे आधी मनात येत आणि त्यातून पंचवीस वजा होत. वजाबाकी केली असे त्यांना कधी वाटतही नसे, कारण ती शब्दातच झालेली होती.

या आठ 'एकोण' नावांची एक गंमत पाहा. १९, २९, ५९, ७९ आणि ८९ या पाच मूळ संख्या आहेत. ३९, ४९ आणि ६९ या तीन नाहीत. आठही नावांची फोड सारख्याच सहजतेने होते, परंतु त्यांतील पाच संख्यांची फोड होत नाही. म्हणजे नावाच्या घडणीवरून संख्येचा स्वभाव कळत नाही. कागल ओलांडून निपाणीकडे गेलात, की कानडीत २९ ला 'इप्पत्तोंबत्तु', म्हणजे वीस आणि नऊ, असे म्हटलेले ऐकू येईल. नावातील बेरीज-वजाबाकी बदलली, पण २९ ही सीमेच्या दोन्ही बाजूंना मूळ संख्याच राहिली. शब्द आणि अर्थ यांचे नाते रूढीने ठरते, हे तत्त्व भाषाविज्ञानाच्या पहिल्या पाठात आपण शिकतो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या मोठ्या संख्येकडे जाण्याची वाट बुद्धिबळाच्या पटावरून जाते. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असेल. दोन घरांपर्यंतचे एकूण दाणे ३ होतात, तीन घरांपर्यंत ७, चारपर्यंत १५, पाचपर्यंत ३१. प्रत्येक बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एकाने कमी असते. सहाव्या घरात ३२ दाणे येणार, म्हणून पाच घरांची बेरीज एकोणबत्तीस, अर्थात एकतीस! 'एकोण' हा उपसर्गासारखा वापरला, तर या साऱ्या संख्या 'एकोण' जातीच्या आहेत: २ चा कोणताही घात घ्यावा आणि त्यातून १ वजा करावा.

या संख्यांना आज मरां मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखतात. घरांची संख्या किती असता अशी बेरीज मूळ संख्या ठरते, याची २५७ पर्यंतची यादी त्याने १६४४ साली प्रसिद्ध केली. त्याने ग्रंथ लिहिला तो लॅटिन भाषेत, आणि लॅटिनमध्येही एकोणीसला 'वीसला एक कमी' असेच म्हणतात. घरांची संख्या स्वतः मूळ नसेल, तर बेरीजही मूळ नसते, हे चटकन पटण्याजोगे आहे. सहा घरे घ्या आणि दोनदोनचे गट करा. पहिल्या गटात ३ दाणे, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ४८. तिन्ही गटांना ३ ने भाग जातो, म्हणून एकूण ६३ लाही जाणारच. परंतु घरांची संख्या मूळ असली, तरी बेरीज मूळ असेलच असे नाही. अकरा घरांची बेरीज २०४७ येते, आणि ती २३ × ८९ आहे. पटावरील चौसष्ट घरांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ या नऊ ठिकाणी थांबले तरच हाती मूळ संख्या येते. त्यांपैकी एकतीस घरांची बेरीज, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, मूळ आहे हे ऑयलरने १७७२ साली सिद्ध केले.

मर्सेनच्या यादीत चुका होत्या. ६७ घरांची बेरीज मूळ आहे, असे त्याने म्हटले होते. १९०३ साली फ्रँक कोल हे गणितज्ञ अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत फळ्यापाशी गेले. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, त्यांनी एक अक्षरही न उच्चारता २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली, आणि ते जागेवर जाऊन बसले. हे दोन घटक शोधण्यास त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, असेही सांगितले जाते. गुणाकार तपासणे काही मिनिटांचे काम आणि त्याची उकल करणे वर्षांचे! मूळ संख्यांचा हा गुण आज आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. मोबाइलवरून पैसे पाठवताना माहिती गुप्त राखण्याच्या काही पद्धती याच गुणावर उभ्या आहेत. मात्र तेथे काही शे अंकी मूळ संख्या पुरतात.

संख्या फार मोठी असेल, तर ती मूळ आहे हे ठरवायचे कसे? १०० पर्यंतच्या संख्या चाळणीने चाळता येतात: २, ३, ५, ७ यांचे पुढचे पट वगळले आणि १ बाजूला ठेवला, की नेमक्या पंचवीस मूळ संख्या उरतात. प्रचंड संख्येपुढे ही चाळणी दुबळी पडते. परंतु 'एकोण' जातीच्या संख्यांसाठी एदुआर लुका आणि डेरिक लेमर यांनी एक विलक्षण कसोटी दिली आहे. ती आपल्याला कागदावर करता येईल, म्हणून सांगतो. ३१ घ्या, ती पाच घरांची बेरीज आहे. सुरुवात ४ पासून करावी. ४ चा वर्ग १६, उणे २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, झाले १९४. त्याला ३१ ने भागले की बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २, झाले ६२. त्याला ३१ ने भागले की बाकी शून्य. ही कृती घरांच्या संख्येपेक्षा दोनदा कमी, म्हणजे येथे तीनदा, करायची. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, अन्यथा नाही. २०४७ साठी हीच कृती नऊ वेळा केली, तर शेवटी १७३६ उरतात. म्हणजे २०४७ ची फोड होते हे कळले, पण ती २३ आणि ८९ अशी होते हे कळले नाही. एखादा शब्द जोडशब्द आहे हे निश्चित कळावे, पण त्यातील पदे कळू नयेत, असा अनुभव भाषेत आपल्याला क्वचितच येतो.

लुकानेच १८७६ साली १२७ घरांची बेरीज मूळ असल्याचे दाखवले. ती एकोणचाळीस अंकी संख्या यंत्राच्या साहाय्यावाचून सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी मानली जाते. पुढे हे काम संगणकांकडे गेले. १९९६ पासून जगभरातील हजारो स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर या कामाचा एकेक तुकडा करीत आहेत. एकमेकांना न भेटता, आपापल्या घरी बसून, एकाच कामाचा भार वाटून घेण्याची ही रीत आपल्यासारख्या दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना परकी वाटू नये. या प्रकल्पात ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकाला १२ ऑक्टोबर २०२४ रोजी जी संख्या सापडली, तीच आपली संख्या. तिच्यासाठी १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ घरांचा पट मांडावा लागेल. अर्थात २ चा तितकावा घात, उणे १.

या संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. पानावर दोन हजार अंक छापले, तर वीस हजारांहून अधिक पाने लागतील. दर सेकंदाला एक अंक उच्चारला आणि रात्रंदिवस कोठेही थांबलो नाही, तर सुमारे ४७५ दिवस जातील. तरी तिचा शेवटचा अंक आपण आत्ता, कागदही न घेता, सांगू शकतो. २ चे घात ओळीने पाहिले, तर शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो. घरांच्या संख्येला ४ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून तो घात २ ने संपणार. त्यातून १ वजा केला की शेवटचा अंक १. संख्या पाहिलेली नाही, तरी तिचे हे टोक आपल्या हाती आले.

तिचे आणखी एक रूप आहे. आपण दहा अंकांनी लिहितो. संगणक फक्त ० आणि १ यांनी लिहितो. त्या लेखनात ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. आपली संख्या त्या पद्धतीने लिहिली, तर ओळीने १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एकक येतील, दुसरे काहीही नाही. मोडीतील एखादा कागद देवनागरीत उतरवला, तर अक्षरांची वळणे बदलतात, मजकूर बदलत नाही. संख्येचे लेखन बदलले, तरी तिचे मूळपण बदलत नाही, ते असेच.

एककांच्या ओळींचे असे वेड महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनाही होते. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ते मास्तर. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, या चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' हे नाव दिले. त्यांचे बहुतेक शोध आपल्या दशमान लेखनाच्या वळणांविषयीचे आहेत, आणि म्हणून काही पंडितांना ते फारसे गंभीर वाटले नाहीत. मला मात्र ते लेखनपद्धतीचे अभ्यासक वाटतात. अंकांच्या रूपांना स्वतःचे व्याकरण असते, हे त्यांनी दाखवले. आपल्या दशमान पद्धतीतही केवळ एककांनी बनलेल्या मूळ संख्या आहेत. ११ ही पहिली. त्यानंतरची थेट एकोणीस एककांची आहे. आणि येथे आपली भाषा एका सीमेवर येऊन उभी राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दशं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. एकोणिसाव्या स्थानाला नाव नाही. म्हणजे त्या संख्येचा सर्वांत डावीकडचा एक परार्धाच्या एक पाऊल पलीकडे उभा आहे, आणि त्यासाठी आपल्याला 'दहा परार्ध' असे जोडून म्हणावे लागते.

मित्रहो, याच जोडून म्हणण्यात माझ्या मते भाषेचे खरे सामर्थ्य आहे. नावांची यादी कोठेतरी संपतेच; अठराव्या स्थानी नाही तर अडतिसाव्या. मूळ संख्यांची यादी मात्र संपत नाही. युक्लिडने हे दाखवले आहे: आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरणार. तेव्हा तिचा कोणता ना कोणता मूळ अवयव यादीबाहेरच असला पाहिजे. न संपणाऱ्या गोष्टीला संपणाऱ्या शब्दसंग्रहाने गाठायचे असेल, तर शब्द पुरत नाहीत, नियम लागतो. 'एकोण' हा तसा नियम आहे. वीसला लावला की एकोणीस, तीसला लावला की एकोणतीस, आणि २ च्या त्या प्रचंड घाताला लावला की आजवर न उच्चारलेली संख्या. चार कोटी अंक जे सांगू शकत नाहीत, ते एक छोटे वाक्य सांगते.

हे मी एवढ्या आग्रहाने का लिहीत आहे? काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावरील रविवारच्या तासिकेत शाहूवाडी तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, मी मराठी घेतलं, कारण ह्यात गणित न्हाई." दहावीला गणितात दोनदा अडल्यावर तिची शाळा सुटली होती, आणि अठरा वर्षांनी ती पुन्हा वर्गात आली होती. आपल्यापैकी अनेकांच्या मनात हेच वाक्य असेल. त्या अडण्यात भाषेचाही वाटा असतो, हे फार उशिरा लक्षात घेतले जाते. 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी येतात आणि लिहिताना चार. लहान मुलाला हा उलटा क्रम आणि वर जोडाक्षरे एकदमच पेलावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीतही दिली गेली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या रीतीची बाजू मांडणाऱ्या डॉ. मंगला नारळीकर स्वतः संख्यासिद्धांताच्या संशोधक होत्या. चाळून उरलेल्या संख्यांवर त्यांनी शोधनिबंध लिहिला होता. संसार आणि मुले सांभाळून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९८१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांना मराठीचा अभिमान नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे मराठीतील गणितलेखन वाचावे.

मला स्वतःला 'एकोण' गमवायचे नाही. 'वीस नऊ' म्हटल्याने २९ ची मोजणी सोपी होते, आणि मुलाला त्या पायरीची गरज असेल, तर ती पायरी असावी. परंतु पुढे कधीतरी त्याला 'एकोणतीस' या शब्दातील वजाबाकी उलगडून दाखवावी, कारण त्याच वजाबाकीच्या रूपात २०२४ साली ठाऊक झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या लिहिली जाते. संख्येला आपण कोणत्या नावाने हाक मारतो, याची तिला पर्वा नाही. आपल्याला मात्र ती असते, आणि असावी. नाव सोपे की अवघड, यावर एखाद्या मुलीची शाळा टिकते किंवा सुटते.

तेव्हा या पुस्तिकेतील पुढच्या घटकाकडे जाण्यापूर्वी एक छोटे काम करा. मूठभर गहू किंवा ज्वारी घ्या आणि जमिनीवर खडूने सात घरे आखा. दाणे दुप्पट करत मांडा आणि बेरीज मोजा, १२७ येईल. ती मूळ आहे का, हे पडताळण्यास फक्त २, ३, ५, ७ आणि ११ यांनी भागून पाहावे लागेल. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याला शेजारी बसवा आणि मोजणी मराठीत, मोठ्याने करा.